अस्वलाच्या रानातले मावशीचे गाव

मार्चच्या शेवटच्या आठवड्यात चार दिवसांची रजा टाकून मावशीच्या गावी जाऊन आलो. नागपूरहून उमरेड, भिवापूर, नागभीड करीत एस.टी. सिंदेवाहीच्या रस्त्याला लागली की दोन्ही बाजूंना धानाच्या बांध्या सुरू होतात. या दिवसांत पीक निघून गेलेले असते. बांध्या रिकाम्या, तलाव अर्ध्यावर आलेले आणि पलीकडे रान. लहानपणी आम्ही आईबरोबर इतवारीहून नागभीडपर्यंत छोट्या लाईनच्या गाडीने यायचो. रुंद रुळांच्या कामासाठी ती गाडी २०१९ साली बंद झाली. आता फुललेला पळस एस.टी.च्या खिडकीतूनच पाहायचा.

मुख्य रस्ता सोडून आत गेल्यावर मावशीचे गाव. गावाचे नाव मुद्दाम देत नाही, कारण ज्या बायांविषयी लिहितो आहे त्यांची तशी इच्छा आहे. आपली वस्ती चाळीस-पन्नास घरांची. थोडे पलीकडे गोंड आणि माना बांधवांची टोली, मधे ढिवरांची घरे. माझा आजा याच गावचा. १६ ऑक्टोबर १९५६ रोजी बाबासाहेबांनी चांद्याला, म्हणजे आजच्या चंद्रपूरला, धम्मदीक्षा दिली, तेव्हा तो गावच्या मंडळींबरोबर तेथे गेला होता. परत आल्यावर त्याने घरातले देव तलावात सोडले, ही गोष्ट मावशी आजही काल घडल्यासारखी सांगते. वस्तीतल्या विहाराच्या मागे एक बोडी आहे, आणि बोडीच्या पाळीवर उभे राहिले की समोर जंगल सुरू होते.

या जंगलात वाघ आहे, बिबट आहे, हे वर्तमानपत्रे वाचणाऱ्यांना ठाऊक असते. अस्वलाचे नाव मात्र मागे राहते. मोह वेचणाऱ्या, तेंदूपत्ता तोडणाऱ्या, सरपण आणणाऱ्या माणसाला विचारा. तो सांगेल, वाघ बहुधा माणसाची चाहूल लागली की बाजूला होतो. अस्वल एकदम अंगावर येते.

मावशीच्या कपाळापासून डाव्या कानामागेपर्यंत एक जाड व्रण आहे. डावा डोळा पुरता मिटत नाही. पूर्वी ती अनोळखी माणसासमोर पदर ओढून बसायची. आता ओढत नाही. म्हणते, "झाकून कायले ठेवू बाबू? पोरीसोरीनं पाहावं आन् शहाणं व्हावं."

त्या पहाटे

मार्च २०२३ मधली गोष्ट. मोहाची फुले रात्रीपासून पहाटेपर्यंत गळतात. पिवळसर, रसाळ फुलांचा झाडाखाली सडा पडतो. त्या दिवशी मावशी चार वाजताच टोपली घेऊन निघाली. सून मागून येत होती. तिच्या हातात फुले भरायला पत्र्याचा पिपा होता. मावशी झाडाखाली पोचली, वाकली आणि वेचू लागली. त्याच झाडाच्या पलीकडल्या अंगाला अस्वल खाली मान घालून तीच फुले खात होते. अंधारात एक काळे काही दिसले, पण तिला वाटले जळके खोड असेल. दोघांत चार हातांचेही अंतर नव्हते. मावशीच्या पायाखाली वाळले पान वाजले आणि अस्वल दोन पायांवर उभे राहिले. पुढचे तिला नीट आठवत नाही.

सुनेला ओरडणे ऐकू आले. ती मला म्हणाली, "भाऊ, मी पळालीच असती. पन पाय गेले नाईत. मंग पिपाच वाजवू लागली." तिने दगडाने पिपा बडवला, बोंब मारली. मागून येणाऱ्या दोन बायांनीही हाका मारल्या. अस्वल मावशीला सोडून नाल्याकडे गेले. हे सारे मिनिटाभरात झाले असेल. डोक्याची कातडी सुटून लोंबत होती आणि उजव्या हाताच्या दंडात दातांच्या खुणा होत्या.

मावशी वाचली. पंधरा दिवसांनी ती घरी आली, तेव्हा वस्तीत दोन प्रकारची कुजबुज चालू होती. एक म्हणजे, "अस्वल बाईमाणसालाच धरते, पळवून नेते." ही समजूत फार जुनी आणि संपूर्ण खोटी आहे. बाया जास्त सापडतात, कारण पहाटे मोह वेचायला आणि सरपणाला बायाच जास्त जातात. जखमी बाईच्या मागे अशी कुजबुज लावणे म्हणजे तिला दुसऱ्यांदा ओरबाडणे आहे. दुसरी कुजबुज ताईताची. माझ्या लहानपणी दरवेशी वेसण घातलेले अस्वल घेऊन वस्तीत यायचा. चार आण्याला अस्वलाचा केस मिळायचा आणि आया तो पोरांच्या गळ्यात बांधायच्या, म्हणजे भीती लागत नाही म्हणे. त्या अस्वलाचे दात पाडलेले असायचे, नाकात तापल्या सळईने भोक पाडलेले असायचे. कायद्याने ते खेळ आता थांबले, पण ताईत डोक्यातून गेला नाही. मावशीच्या घरीही कोणी तो आणून दिला होता. तिने तो चुलीत टाकला. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या बापाची ती लेक आहे.

विहारातली बैठक

पौर्णिमेची वंदना झाल्यावर विहारात बैठक बसली. काही तरुण म्हणाले, अस्वलाला गाठून मारू. काही म्हणाले, बायांनी रानात जाणेच बंद करावे. मावशी डोक्याला पट्टी बांधून कोपऱ्यात बसली होती. ती म्हणाली, "अस्वल माह्या मांगं नोतं लागलं. मीच त्याच्या ताटावर गेली."

कोणी विचारले, "पन मावशी, तू अंधारात कायले गेली?"

"उजेडात गेली असती तं फुलं भेटली असती काय?"

या एका प्रश्नापाशी सगळी बैठक थांबली. मोहाच्या झाडाखाली जो आधी पोचेल त्याची फुले. तुम्ही पाच वाजता निघालात तर शेजारीण साडेचारला निघते आणि तिच्यामागे तिसरी चारला. उशीर केला तर चितळे आणि गुरे फुले खाऊन जातात. धानाचे काम संपलेले, तेंदूपत्ता अजून सुरू व्हायचा, अशा या दिवसांत मोहाच्या पैशातच दुकानाची उधारी फिटते आणि पोरांच्या वह्यापुस्तकांची सोय होते. मोह म्हटले की शहरातल्या लोकांना दारूच आठवते. पण या वस्तीतल्या बाया फुले वाळवून विकतात आणि पंचशील पाळतात. म्हणजे मावशीला अंधारात नेणारे अस्वल नव्हते. एकमेकींच्या आधी पोचण्याची धडपड तिला तेथे घेऊन गेली.

हे कळल्यावर उपायही कळला. एकटीने उशिरा जायचे ठरवले तर तिचेच नुकसान. सगळ्यांनी मिळून उशिरा जायचे ठरवले तर कोणाचेच फारसे नाही. पण "सगळे" म्हणजे फक्त आपली वस्ती नव्हे. टोलीवरच्या आणि ढिवरांच्या घरांशी बोलावे लागले. तीन बैठका झाल्या. शेवटी ठरले ते असे: झाडाखालचा माणूस वीस पावलांवरून ओळखू येईल इतका उजेड झाल्याशिवाय कोणी रानात पाय ठेवायचा नाही. चौघींपेक्षा कमी जायचे नाही. सोबत वाजवायला डबा किंवा थाळी घ्यायची. अंगावरचे पोर आणि शाळकरी पोरे न्यायची नाहीत.

पहिल्याच आठवड्यात हा करार मोडला. एक बाई चार वाजता जाऊन आल्याचे कळले. काही जण दंड लावा म्हणाले. चौकशी केली तेव्हा कळले, नवरा दूर मजुरीला गेलेला, सासू आजारी, पोर लहान. घरचे सगळे उरकून ती चौघींच्या वेळेला निघू शकत नव्हती. मग दंड लावण्याऐवजी बोडीच्या पाळीवरची गावाजवळची दोन झाडे तिला दिली. पुढे नियमच झाला की गावाला लागून असलेली झाडे म्हाताऱ्या, एकट्या आणि गरोदर बायांसाठी राखायची. धडधाकट बायांनी लांबची झाडे घ्यायची. चितळे थोडी फुले खातात, ती खाऊ दिली. २०२३ पासून हा नियम चालू आहे आणि तेव्हापासून मोहाच्या दिवसांत वस्तीतल्या कोणावर अस्वल आलेले नाही.

आम्ही नऊ जण

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांच्याबरोबर गेलो. आठ बाया आणि मी. मावशीही होती. उजेड झाला होता तरी गारवा होता. पुढे चालणारी बाई काठीने डबा वाजवत होती. बाकीच्यांचे बोलणे चालूच होते. कोणाच्या पोरीचे लग्न, कोणाची म्हैस आटली, कोणाचा मुलगा पोलीस भरतीला गेला. मी गप्प चाललो होतो, तर मावशी म्हणाली, "बोलत चाल बाबू. इथं गप्प राहनाराचं काम नाई."

वाटेत तिने मला खुणा दाखवल्या. एका वारुळाला हातभर खोल भोक पाडलेले होते आणि भोवती माती उकरून फेकलेली होती. अस्वलाचे मुख्य खाणे मुंग्या आणि उधई. लांब बाकदार नखांनी ते वारूळ फोडते, तोंड आत घालून फुंकर मारते आणि किडे शोषून घेते. त्याचे वरचे पुढचे दोन दात नसतातच. त्या फटीतून हे शोषण चालते. तो आवाज बराच लांब ऐकू येतो. रानात कोठे भाता ओढल्यासारखा आवाज आला की बाया जागीच थांबतात. पुढे वाटेवर काळपट विष्ठा पडली होती आणि तिच्यात बोरांच्या बिया दिसत होत्या. एका मोठ्या झाडाच्या खोडावर नखांच्या जुन्या रेघा होत्या. वर मधाचे पोळे असणार.

नाल्याजवळच्या झाडापाशी पोचण्याआधी पुढची बाई थांबली. तिने हात वर केला. वारूळ नुकतेच उकरलेले होते, माती अजून ओली होती. कोणी काही बोलले नाही. पुढे काय आहे ते पाहायलाही कोणी गेले नाही. सगळ्या जणी आल्या वाटेने मागे फिरल्या आणि दुसऱ्या झाडाकडे गेल्या. तेथे फुले कमी होती. अर्धा तास वाया गेला. त्याबद्दल कोणी कुरकूर केली नाही. मी मनात म्हटले, हीच खरी अस्वलापासून बचावाची विद्या.

झाडाखाली पाचोळा साफ दिसावा म्हणून पूर्वी आग लावत. त्याने रान पेटते, लहान रोपे जळतात. आता या बाया पाचोळा खराट्याने लोटतात, काही जणी झाडाखाली जुनी साडी किंवा जाळी अंथरतात. अंथरलेल्यावर फुले स्वच्छ पडतात आणि वाकून बसण्याचा वेळही कमी होतो. हाही एक फायदाच, कारण वाकलेल्या माणसाला भोवतालचे दिसत नाही.

अस्वल समजून घ्या

महाराष्ट्रात अस्वलाची एकच जात आहे. काळे, झुबकेदार केसांचे, छातीवर पांढरट अर्धगोल खूण असलेले. चंद्रपूर, गडचिरोली, गोंदिया, भंडारा या जिल्ह्यांत ते आहेच. मेळघाटात आहे आणि बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यातही आहे. आपली कितीतरी माणसे या पट्ट्यात राहतात, आणि शहरातली मुले सुटीत मामा-मावशीच्या गावी जातात ती याच पट्ट्यात.

अस्वलाचे नाक फार तीक्ष्ण, पण नजर अधू. खाण्यात गुंतले की त्याचे भोवताली लक्ष नसते. त्यामुळे ते माणसाला आणि माणूस त्याला अगदी जवळ आल्यावरच पाहतो. ज्या रानात वाघ आहे तेथे अस्वलाला पळून जीव वाचवण्यापेक्षा उलटून तुटून पडण्याची सवय लागली, असे अभ्यासक सांगतात. म्हणून दचकलेले अस्वल हल्ला करते. त्याला माणूस खायचा नसतो. समोरचे संकट दूर करायचे असते. ते उभे राहून चेहऱ्यावर आणि डोक्यावर पंजा मारते. त्यामुळेच या जखमा इतक्या भयंकर असतात.

अस्वली बहुतेक हिवाळ्यात गुहेत किंवा बिळात वितात. दोन-तीन महिन्यांनी पिले बाहेर येतात आणि आईच्या पाठीवर बसून हिंडतात. म्हणजे मोह गळतो त्याच सुमारास पिले घेऊन आई रानात फिरत असते. पिलेवाल्या अस्वलीइतके रागीट जनावर नाही. एकटे पिलू दिसले तरी त्याच्याकडे जाऊ नका. आई जवळच असते.

मोह संपला की टेंभुर्णी, जांभूळ, बहाव्याच्या शेंगा, उंबर यांच्यामागे ते हिंडते. गावात येते ते वासाने. सडलेला मोह, गूळ, तेल, मध, उघड्यावर टाकलेले खरकटे त्याला ओढून आणते. ज्या घरात मोहाची दारू गाळतात तेथे धोका अधिक. पाचवे शील पाळण्याला हेही एक कारण जोडून घ्या.

गाठ पडलीच तर

शाळेत आपण सगळ्यांनी दोन मित्रांची आणि अस्वलाची गोष्ट वाचली आहे. एक मित्र झाडावर चढतो, दुसरा मेल्याचे सोंग घेऊन पडून राहतो. या गोष्टीतला अर्धा भाग चुकीचा आहे. आपले अस्वल झाडावर चढते, मधासाठी तर हमखास. झाड हा आसरा नाही. पळणेही उपयोगाचे नाही, कारण ते माणसापेक्षा जोरात धावते.

अस्वल लांब आहे आणि त्याने तुम्हाला पाहिलेले नाही, अशा वेळी गाजावाजा न करता आल्या वाटेने मागे फिरा. जवळ जाऊन मोबाईलवर चित्र काढण्याचा मोह टाळा.

त्याने तुम्हाला पाहिले असेल तर जागीच थांबा. सोबतच्यांनी एकमेकांना चिकटून उभे राहावे, मुले मध्ये घ्यावीत. त्याच्याकडे तोंड ठेवूनच एक-एक पाऊल मागे सरका. हळू आवाजात बोलत राहा, म्हणजे समोर माणूस आहे हे त्याला कळते. दगड मारू नका. त्याची निघून जायची वाट अडवू नका. कधी कधी ते धावत येते आणि मधेच थांबते. तेव्हाही पाठ फिरवू नये.

हातात काठी असेल तर ती पुढे धरा, अंतर राखायला. एकट्याने कुऱ्हाड घेऊन चालून जाणे म्हणजे शौर्य नव्हे, मरण आहे. गुजरातेत अस्वलांच्या अभ्यासकांनी गावकऱ्यांसाठी घुंगरू लावलेली काठी तयार केली. चालताना ती वाजत राहते आणि अस्वल आधीच बाजूला होते. हे आपल्याला घरच्या घरी करता येईल. बैलाच्या गळ्यातली जुनी घुंगरे काठीला बांधली की झाले.

अस्वल अंगावर आलेच तर पालथे पडा. पोट जमिनीला, दोन्ही हातांची बोटे मानेमागे गुंफलेली, कोपरांनी चेहरा झाकलेला. टोपली हाताशी असेल तर डोक्यावर घ्या. उताणे पडू नका. चेहरा, गळा आणि पोट वाचवायचे आहे. अस्वल गेले असे वाटले तरी लगेच उठू नका. आणि सोबतच्यांनी पळून न जाता एकत्र राहून, डबे बडवून, जोराने ओरडून ते हाकलावे. मावशीच्या सुनेने तेच केले. गोष्टीतल्या मित्रासारखी ती झाडावर चढली असती तर मावशी आज नसती.

आवाजाबद्दल घोटाळा होऊ नये म्हणून पुन्हा सांगतो. गाठ पडण्याआधी मोठा आवाज, म्हणजे गाठच पडणार नाही. समोरासमोर आल्यावर शांतपणा. हल्ला झाल्यावर सोबतच्यांचा मिळून मोठा आवाज.

कानात गाण्याच्या तारा घालून रानात जाऊ नका. कुत्रा सोबत नेऊ नका. तो अस्वलाला चिडवतो आणि मग आपल्याच पायाशी पळत येतो. अंधारात बाहेर जायचे झाले तर विजेरी घ्या आणि खाकरत जा. अस्वल गावात शिरले तर गर्दी करू नका. त्याला जायला वाट ठेवा आणि वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा.

आपल्यापैकी पुष्कळ जण लेणी पाहायला, धम्म मेळाव्याला रानात जातात. चंद्रपूर जिल्ह्यातले रामदेगी, म्हणजे आपली संघारामगिरी, ताडोबाच्या बफर क्षेत्रात येते. अशा ठिकाणी सूर्य मावळायच्या आत परत फिरावे. डोंगरातली अंधारी कपार, पडकी गुहा ही अस्वलाची विश्रांतीची जागा असू शकते. आत डोकावण्याआधी बाहेरून आवाज द्यावा, मुलांना पुढे पळू देऊ नये, उरलेला शिधा तेथे टाकून येऊ नये.

कायदाही माहीत असावा. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ प्रमाणे अस्वल पहिल्या अनुसूचीत आहे. त्याला मारणे, पिलू पकडणे, केस-नखे विकणे यासाठी तुरुंगवास आहे. मात्र स्वतःचा किंवा दुसऱ्याचा जीव वाचवताना, सद्भावनेने, ते जखमी झाले किंवा मेले तर कलम ११ प्रमाणे तो गुन्हा होत नाही. अट इतकीच की त्या वेळी तुम्ही स्वतः या कायद्याविरुद्ध काही करीत नसावे. सूडाने घोळका करून मारणे या सवलतीत बसत नाही, आणि आपल्या पहिल्या शीलातही बसत नाही.

जखम आणि कागद

जखमेवर हळद, चुना, तंबाखू, शेण काही लावू नका. रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापडाने दाबून धरा. डोक्याची कातडी सुटली असेल तर ती हलकेच जागेवर ठेवून कापड गुंडाळा, कापून टाकू नका. १०८ ला फोन करा. लहान जखमा साबणाने, वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवा. धनुर्वाताच्या आणि रेबीजच्या इंजेक्शनांविषयी डॉक्टरांना आठवणीने विचारा. रेबीजच्या सुया ठरलेल्या तारखांना पूर्ण घ्या.

आता माझ्या धंद्याची गोष्ट. मी कारकून आहे. कागद कोठे अडतो ते मला कळते. वन्यप्राण्याच्या हल्ल्यात मृत्यू, कायम अपंगत्व किंवा इजा झाल्यास शासन अर्थसाहाय्य देते. रक्कम शासन निर्णयाने वेळोवेळी बदलते, म्हणून चालू दर वनपरिक्षेत्र कार्यालयात विचारून घ्यावा. मावशीचे प्रकरण सात महिने अडले. कारण काय? दवाखान्याच्या पहिल्या कागदावर "जनावराने जखमी" एवढेच लिहिले होते. जनावर म्हणजे बैलही असू शकतो, म्हणून फाईल परत आली. शिवाय आधार कार्डावर एक नाव आणि बँकेच्या पुस्तकावर दुसरे. मी तीन वेळा रजा काढून हेलपाटे घातले, तेव्हा ते मार्गी लागले. ज्यांच्या घरात कारकून नाही त्यांनी काय करायचे?

त्यांनी एवढे करावे. त्याच दिवशी वनरक्षकाला आणि पोलीस पाटलाला कळवावे. जागेचा पंचनामा होईपर्यंत टोपली, फाटके कपडे, उकरलेली माती तशीच राहू द्यावी. डॉक्टरांना विनंती करून कागदावर "अस्वलाच्या हल्ल्यात" असे स्पष्ट लिहून घ्यावे आणि कायम अपंगत्व असेल तर तसा वेगळा दाखला घ्यावा. औषधांच्या पावत्या जपाव्यात. प्रत्येक अर्जाची पोच घ्यावी. आणि आजच, काही झालेले नसतानाच, घरातल्या बायांची आधार कार्डावरची आणि बँकेतली नावे जुळवून घ्यावीत. शिकलेल्या मुलांनी वस्तीत एक दिवस बसून हे काम केले तर ती मोठी समाजसेवा होईल.

निघायच्या आदल्या संध्याकाळी विहारात वंदना झाली. मुले सरणत्तय म्हणत होती. "संघं सरणं गच्छामि" हे मी लहानपणापासून म्हणत आलो आहे. संघ म्हणजे भिक्खूसंघ, हे खरे. पण त्या दिवशी माझ्या डोळ्यांसमोर नाल्याजवळ हात वर करून थांबलेली ती बाई आणि तिच्यामागे एकदम मागे फिरलेल्या सात जणी आल्या. संघटित व्हा, असे बाबासाहेबांनी सांगितले ते मोर्चापुरते नव्हते. मोहाच्या झाडाखाली वेळेवर पोचण्याआधी एकमेकींसाठी थांबणे, हेही त्यातच येते.

सकाळी एस.टी.ला बसवायला मावशी थांब्यापर्यंत आली. वाळलेल्या मोहाची पुरचुंडी हातात दिली आणि म्हणाली, "तुह्या पेपरात लिव बाबू. पन मले घाबरवलेली बाई नको लिवू. उजेड पडल्यावर जानारी बाई लिव."

तसेच लिहिले आहे. ज्यांची माणसे रानाकाठी आहेत त्यांनी हे विहारात एकदा वाचून दाखवावे. जयभीम.